कट्यारीची नवरी

छावणी, औरंगाबाद
२० ऑगस्ट १९७२

मनकर्णे,

ज्या दिवशी तू माझ्या टोपीच्या गळ्यात हार घातलास त्या दिवशी माझं सगळं फिरलं, आणि त्या दिवशी मी तिथं नव्हतो. टोपीला गळा नसतो हे मला ठाऊक आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलोय, तेवढं कळतं. टोपीखाली आमच्या देवघरातली कट्यार होती, हार कट्यारीच्या मुठीला अडकला, आणि मूठ धरून माझा धाकटा भाऊ रामकिसन उभा होता. आमच्या भावकीची रीतच आहे. नवरदेव फौजेत अडकला, रजा मिळेना, तर मुहूर्त मोडायचा नाही. त्याच्या नावानं कट्यारीशी लग्न लावायचं. माझ्या पणजोबाचं असंच लागलं. तो निजामाच्या रिसाल्यात होता. परत आला तेव्हा पणजी दारात आरती घेऊन उभी होती म्हणतात.

मी परत आलो तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. माझ्या बाजूनं तू ते पाहिलेलं नाहीस.

जूनमध्ये पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यातून सुटलो. डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा. युद्ध संपल्यावर गेला असं सांगितलं की लोक हसतात. डिसेंबरात गोळ्या सुटत होत्या तेव्हा केसाला धक्का लागला नाही. जानेवारीत, सगळं शांत झाल्यावर, आपणच पेरलेले सुरुंग आपणच काढत होतो, तेव्हा एका गव्हाच्या रानात गेला. फाट्यावर एसटीतून उतरलो आणि चालत घरी आलो. कुणाचा हात धरला नाही, कारण तू बघत असशील असं वाटत होतं. मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आतून तू तांब्या घेऊन आलीस, पदर नाकापर्यंत. मला वाटलं नवी नवरी, लाजते. मी हसलोसुद्धा. पाणी घ्यायला हात पुढं केला, तर तू तांब्या जमिनीवर ठेवलास आणि मागं सरलीस.

माय म्हणाली, "तिच्या हाताला हात लावू नको बद्री. रामकिसनची बायको हाय ती. तू भाया लागतोस तिचा."

भाया. नवऱ्याचा थोरला भाऊ. ज्याच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, ज्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही. खाली ठेवलेलं ते पाणी मी प्यालो, कारण तहान लागली होती.

मग एकेकानं सांगितलं. माझा पाय गेल्याची तार आली आणि तुझे वडील, आप्पासाहेब, आमच्या ओट्यावर येऊन बसले. लंगड्याच्या घरात पोरगी ठेवणार नाही, आत्ताच्या आत्ता नेतो म्हणाले. पोरगी गेली की एवढी मोठी सोयरीक जाणार. भावकीनं तोड काढली. कट्यार कुणाच्या हातात होती? रामकिसनच्या. मग लग्न त्याचंच धरा. एक नारळ फोडला आणि झालं. मी तेव्हा पुण्यात दोन दांड्यांना धरून पाऊल टाकायला शिकत होतो आणि प्रत्येक पावलाला तुझं नाव घेत होतो. शेजारच्या खाटेवरचा पंजाबी विचारायचा, कोण रे ही मनकर्णा, देवी आहे का तुमच्याकडची. मी हो म्हणायचो.

हे पत्र हसीनाबीच्या टोपलीतून येईल. मी घर सोडून इथं आल्यापासून माझ्याबरोबर थेटरात काम करणाऱ्या गयासचाचाची ती बायको. बांगड्या विकत आपल्या गावापर्यंत येते. बायका बांगड्या भरतात तिथं पुरुष फिरकत नाहीत, म्हणून हीच वाट बरी. वाचून झालं की चुलीत टाक. उत्तर लिहिलंस तर तिच्याच हाती दे.

डोळे मिटले की अजून कन्नड गावच्या शाळेची भिंत दिसते. तू भिंतीला टेकून, छातीशी पिशवी धरून, उन्हानं कपाळाला आठी. तेव्हापासून मी तुझा आहे. नारळ फोडून ते बदलत नाही.

तुझा
बद्रीनाथ


३ सप्टेंबर १९७२

मनकर्णे,

हसीनाबी म्हणाली, पत्र दिलं, तू कमरेला खोवलंस, आणि हिरव्या बांगड्या भरल्यास. बोलली काहीच नाहीस. मी आठवडाभर त्या हिरव्या रंगाचा अर्थ लावतोय. तू माझ्या नावानं भरल्यास असाच लावलाय.

मी फौजेत का गेलो हे तुला घरात कुणी सांगितलं नसेल. मी स्वतः आप्पासाहेबांकडं आलो होतो, एकटा, मध्यस्थ न घेता. तुमची मुलगी मला द्या म्हणालो. ते हसले नाहीत, त्यांनी माझ्या पुस्तकांकडं पाहिलं. म्हणाले, "बीए होऊन काय व्हशील? मास्तर. मास्तर आमच्या वाड्यात पोरं शिकवाया येतो आन् वट्यावर बसून जेवतो. पोरगी मर्दाला द्यायची असती." तिसऱ्या दिवशी मी कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे प्राचार्यांच्या टेबलावर पुस्तकं आपटली, त्यांची दौत सांडली, आणि तिथून थेट भरतीच्या रांगेत जाऊन उघड्या छातीनं उभा राहिलो. पुढं वर्दी घालून सुट्टीवर आलो तेव्हा आप्पासाहेबांनी स्वतः सुपारी फोडली. मर्द पाहिजे होता, मी मर्द होऊन दाखवला. आता मर्दाचा एक पाय कमी पडला तर मर्द रद्द.

या पंधरा ऑगस्टचं ऐक. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून कन्नडला मोठा मांडव होता. लढाईतून आलेल्या जवानांचा सत्कार, आणि अध्यक्ष तुझे वडील. मी कशाला गेलो? बायकांच्या बाजूला तू बसली असशील म्हणून. नव्हतीस. आप्पासाहेबांनी शाल-नारळ दिला, माझ्या गळ्यात हार घातला. हात कानाला घासून गेला, गार होता. मग ते भोंग्यातून म्हणाले, या मातीनं देशाला पाय दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "विजार वर कर. लोकास्नी दिसू दे."

मी केली वर. का केली ते विचारू नकोस. हुकूम ऐकायची सवय लागली होती, दुसरं काय. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, लाकडासाठी. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला.

खाली उतरलो तर एक कारकून मागं आला. स्वातंत्र्यसैनिक एक जास्तीचे आलेत, शाल तेवढी परत द्या म्हणाला. दिली. तो चार पावलं गेला आणि वळून म्हणाला, "नारळ राहू द्या तुमच्याकडं."

नारळ मी एसटी स्टँडच्या मागं फोडला. एकट्यानं खाल्ला. नारळ फोडून लग्न लागतं ना तुमच्याकडं? मग त्या दिवशी माझंही लागलं असेल कुणाशी तरी.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

तुझा
बद्रीनाथ


२४ सप्टेंबर १९७२

मनकर्णे,

तू लिहीत नाहीस. ठीक. मी लिहीत राहीन.

मी थेटराच्या दारावर असतो. तिकीट फाडायचं, दार लावायचं, दार उघडायचं. शेठनं मला खाकी सदऱ्यासाठी ठेवलं. मिलिटरीवाला दारात असला की पोरं दंगा करत नाहीत म्हणाला. पोरं दंगा करतात आणि वर मला लंगडा जनरल म्हणतात. खेळ सुटला की पडद्यावर झेंडा येतो, राष्ट्रगीत लागतं. ते संपेपर्यंत दार उघडायचं नाही असा हुकूम आहे. मी सावधान उभा राहतो, आणि अख्खं थेटर उठून माझ्यावर धावतं. कुणाला रिक्षा धरायची असते, कुणाला सायकल काढायची. परवा लोंढ्यानं मला दारासकट लोटलं. पडलो. पाय पट्ट्यातून निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. एकजण त्याच्यावरून उडी मारून गेला. दुसऱ्यानं तो उचलून वर धरला आणि विचारलं, "कुणाचा राहिला रे?" सगळे हसले. मागं राष्ट्रगीत चालूच होतं.

पाय गयासचाचानं आणून दिला. तो आत बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्यांवर बसवतो. राष्ट्रगीताला थेटरात दोघंच उभे असतात, दारात मी आणि आत अंधारात तो, बॅटरी मांडीला चिकटवून.

मी एकदा विचारलं, चाचा, तू कशाला उभा राहतोस. तेव्हा कळलं की तोही शिपाई. निजामाच्या पगारी फौजेतला. मोठ्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं कुठल्या तरी वाळवंटात जाऊन आलेला. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा वरून हुकूम आला, बंदुका खाली ठेवा. त्यानं पुसून ठेवली. काही महिने कोंडून ठेवलं, मग घरी जा म्हणाले. घरी आला तर गल्लीनं त्याची वर्दी पाहिली आणि गल्लीला एकच शब्द आठवला, रझाकार. तो रझाकार नव्हता. कुणाच्या घरात शिरला नव्हता. पण सांगायचं कुणाला आणि ऐकायचं कुणी. हसीनाबीनं ती वर्दी काळ्या रंगात बुडवली आणि बांगड्यांच्या टोपलीला आतून अस्तर शिवलं. माझी पत्रं त्या अस्तराखाली असतात. वर तुझ्या हिरव्या बांगड्या.

चोवीस वर्षं झाली तरी तिकिटाच्या रांगेतून एखादा अजून तो शब्द टाकतो. गेल्या रविवारी एकानं टाकला. मी त्याची मान धरली आणि भिंतीवर दोनदा आपटली. चाचानंच सोडवलं. म्हणाला, असं करू नको, माझी नोकरी जाईल. मग आम्ही चहा प्यालो. चाचा म्हणाला, "तू जीत को आया, मैं हार को आया. दरवाजा दोनों को एकच मिला."

मी म्हणालो, चाचा, तुझी बायको तुझ्यासाठी थांबली. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, थांबली. पण गल्ली थांबली नाही.

मला गल्लीशी काही देणंघेणं नाही, मनकर्णे. मला एक माणूस थांबलेलं चाललं असतं.

बद्रीनाथ


९ ऑक्टोबर १९७२

मनकर्णे,

वकिलाकडं जाऊन आलो. सगळं ऐकून घेतलं आणि तो हसत सुटला. म्हणाला, "कायद्यानं तुझं लग्न झालंच नाही. टोपीला सात पावलं चालता येत नाहीत." मी टेबलावरचं दप्तर भिरकावणार होतो, पण मग विचारलं, मग माझ्या भावाचं? तो म्हणाला, त्याचंही नाही. नारळ फोडला म्हणजे काय लग्न लागतं?

कळलं का तुला? तू माझी नाहीस, त्याचीही नाहीस. तू कुणाचीच नाहीस. तू मोकळी आहेस. तुझा बाप, माझी भावकी, कुणी तुला अडवू शकत नाही.

येत्या बाजारच्या दिवशी दुपारी कन्नडच्या एसटी स्टँडवर ये. बाजाराला निघाले म्हण. औरंगाबादची गाडी लागते तिथं मी उभा असेन. काही आणू नकोस, पिशवीसुद्धा नको. नुसती येऊन उभी राहा. छावणीत माझी एक खोली आहे, दाराला आतून कडी आहे, हसीनाबी शेजारी आहे.

आली नाहीस तर मी समजेन की तुला नवरा नको होता, दोन पाय पाहिजे होते.

बद्रीनाथ


२२ ऑक्टोबर १९७२

मनकर्णे,

हे पत्र टपालानं येतंय. पाकिटावर सौ. मनकर्णाबाई बद्रीनाथ असं लिहिलंय, मोठ्या अक्षरात. पोस्टमनला काय समजायचं ते समजू दे.

तू आली नाहीस. रामकिसन आला. तूच धाडलंस का त्याला? मी गाडीच्या सावलीत उभा होतो, नवा सदरा घातला होता. आणि समोरून तो आला, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. म्हणाला, "दादा, मायनं दिल्यात. उपाशी असशील." एवढंच बोलला. ती येणार नाही, असंही म्हणाला नाही. मी हातातल्या काठीनं त्याला मारलं. खांद्यावर, पाठीवर, खाली बसला तेव्हा मानेवर. त्यानं हात वर केला नाही. भाकरी मात्र छातीशी धरून ठेवल्या, धुळीत पडू दिल्या नाहीत. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, मिलिटरीचा माणूस आहे, डोकं फिरलेलं असतं यांचं. मग कंडक्टरनं घंटी मारली आणि मी गाडीत बसलो.

गाडीत विचार केला. दिवस, वेळ, जागा, सगळं रामकिसनला कळलं कसं? तू सांगणार नाहीस. तू कमरेला खोवून ठेवणारी. मग उरतं कोण? टोपली वाहणारी बाई.

हसीनाबीला विचारलं. ती म्हणाली, मी कुणाला बोलले नाही. आणि लगेच म्हणाली, "उसके पाँव भारी है बेटा. पाँचवाँ महीना लगा. अब नक्को लिख." हिरव्या बांगड्या कशासाठी होत्या ते तेव्हा मला कळलं. त्या पोराबद्दल माझ्या तोंडून जे गेलं ते इथं लिहीत नाही. हसीनाबीनं ऐकलं आणि टोपली उचलून आत गेली. तेव्हापासून ती माझी पत्रं नेत नाही.

बरं झालं. त्या टोपलीवर आता माझाही विश्वास नाही. नवरा-बायको दोघं मिळून माझ्यावर हसत असणार. संध्याकाळच्या खेळाला रांग लागली होती, चाचा मला समजवायला दारात आला, खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला आणि म्हणालो, शेवटी रझाकार तो रझाकारच. हळू म्हणालो असतो तरी चाललं असतं. हळू म्हणालो नाही.

मिलिटरीवाल्यानं सांगितलेलं लोकांना खरं वाटतं, हे मला तेव्हा समजलं. आजवर कुणी म्हणायचं तर बाकीचे ऐकून सोडून द्यायचे. त्या दिवशी कुणी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टरवर कोळशानं लिहिलेलं होतं, तिसऱ्या दिवशी काचेवर दगड आला. शेठ म्हणाला, मला धंदा करायचाय. चाचाला काढलं.

तो बॅटरी जमा करायला आला तेव्हा दारात मीच होतो. त्यानं बॅटरी लावून पाहिली, चालू आहे अशी दाखवली, माझ्या हातात दिली. म्हणाला, "पूरे शहर में तेरेकू मैंच मिला क्या?"

मी दार उघडलं. खेळ सुरू व्हायचा होता.

आता राष्ट्रगीताला मी एकटा उभा असतो. तुझ्यामुळं हे सगळं झालं. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

बद्रीनाथ


११ डिसेंबर १९७२

रामकिसन,

हे पत्र तूच वाचणार आहेस, तेव्हा मोठ्यानं वाच. सगळी वाचलीस तसं हेही वाच, एक ओळ गाळू नकोस. पाकिटावर सौ. मनकर्णाबाई रामकिसन असं लिहिलंय. तुझ्या मनासारखं.

मनकर्णे, काल मी वकिलाचं म्हणणं घेऊन आलो, भावकीला ओसरीवर बसवलं. आप्पासाहेब बाजेवर, माय उंबऱ्याशी, रामकिसन दाराला पाठ लावून. मी म्हणालो, कायदा म्हणतो ती कुणाचीच नाही. आता तिला विचारा. आप्पासाहेब म्हणाले, बाईमाणसाला काय विचारायचं. पण तू आलीस. पदर नाकापर्यंत, चाल जड. माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहिलीस आणि मायकडं तोंड करून बोललीस, कारण भायाशी बोलायचं नसतं.

"आत्याबाई, दादास्नी सांगा, मला वाचता येत नाय. त्यांची समदी पत्रं ह्यांनी वाचून दावली."

मायनं मला सांगितलं नाही. मला ऐकू आलं होतं.

मग तू म्हणालीस की शाळेत तू शिकायला येत नव्हतीस, पिशवीत भावाची भाकरी असायची. त्या भिंतीपाशी मी दोन वर्षं उभा राहिलो, आणि पिशवीत काय आहे ते कधी विचारलं नाही. मला ते दप्तर वाटलं होतं. मी ऑगस्टपासून तुला लिहीत होतो. प्रत्येक ओळ रामकिसनच्या तोंडून तुला ऐकू येत होती. तू माझी आहेस हे त्यानं वाचलं. स्टँडवर ये हे त्यानं वाचलं, म्हणून भाकरी घेऊन तोच आला. तेव्हा मला छावणीतला एक माणूस आठवला. त्याचं इथं काही काम नाही. येताना त्याच्या दारावरून आलो, हसीनाबीनं दार उघडलं नाही, एवढंच.

तू पुढं म्हणालीस, "आत्याबाई, दादा आप्पाच्या बोलण्यावरून फौजेत गेले. मला कुणी इचारलं नव्हतं, त्यांनीबी नाय. लग्नात मी मान वर केली तर समोर टोपी. टोपीला काय बघायचं? पण कट्यार धरलेला हात कापत व्हता. तेवढंच मला जितं वाटलं. मी त्या हातासंगं हाय."

आणि तू आत गेलीस. आप्पासाहेबांनी तंबाखू मळायला घेतला, जणू बैल विकला गेला.

इथून पुढचं तू पाहिलेलं नाहीस. रामकिसननं तुला सांगितलंही नसणार. आता त्यालाच वाचून दाखवावं लागेल.

तू आत गेलीस तेव्हा मला काहीतरी मोडायचं होतं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी जमिनीचं काढलं. म्हणालो, ठीक, मग वाटणी करा. थोरल्यानं आधी निवडायचं ही पण भावकीचीच रीत. मी विहिरीचा तुकडा घेतो. यंदाच्या दुष्काळात अख्ख्या शिवारात त्याच विहिरीला पाणी आहे हे मला एसटीत कुणीतरी सांगितलं होतं. आप्पासाहेबांचा तंबाखू मळायचा थांबला. माय म्हणाली, "तू लंगडा माणूस, इहीर घिऊन काय करशील? त्याला तरी जगू दे." मी म्हणालो, बुजवीन. दगड टाकून बुजवीन.

भावकी उठून अंगणात गेली, आपसांत कुजबुजायला. आप्पासाहेबही गेले. ओसरीवर आम्ही दोघं भाऊ राहिलो. रामकिसन माझ्यापाशी आला, खाली बसला, आणि माझा पाय धरला. लाकडाचा धरला, घाईत त्याला कुठला ते कळलं नाही.

म्हणाला, "दादा, इहीर नको मागू. तिला ने. मी भावकीत सांगतो, माझं काय म्हणणं नाय."

रामकिसन, थांबलास ना? मनकर्णे, तो इथं अडखळेल. घसा खाकरेल, पुढचं पान शोधायला लागेल. तू म्हण, पुढं वाचा.

मी त्याला विचारलं, पोटातल्या पोराचं? तो म्हणाला, "ते बी ने." त्याचा हात कापत होता. तुझं खरं आहे, फार कापतो त्याचा हात. मुहूर्तावरही कापला, विहिरीसाठीही कापला.

मला तू मिळत होतीस. ज्या बाईसाठी मी कॉलेज सोडलं, पाय सोडला, एका म्हाताऱ्याला देशोधडीला लावलं, ती मला एका विहिरीच्या बदल्यात मिळत होती, आणि मी हसलो. म्हणालो, मला नको. विहीर ठेव, ती पण ठेव. दोन्हींना झाकण घालून ठेव.

मग देवघरात गेलो. कट्यार खुंटीला होती, टोपी तिच्यावर तशीच. कड उंदरांनी कुरतडलेली, कपाळाच्या जागी हळदीचा डाग. मी टोपी काढली, ओसरीवर आलो, रामकिसनच्या डोक्यावर ठेवली आणि नीट बसवली, आमच्या हवालदारानं मला बसवली होती तशी, उजव्या कानाकडं कललेली. म्हणालो, घालत जा. पुढच्या पंधरा ऑगस्टला आप्पासाहेबांना सत्काराला एक जवान लागेल. तुला दोन्ही पाय आहेत, विजार वर करावी लागणार नाही.

त्यानं टोपी काढली नाही. तसाच बसून राहिला. माय चुलीपाशी गेली होती, तिथूनच म्हणाली, भाकर झालीय, खाऊन जा. मी काठी घेतली.

उंबऱ्यावर होतो तेव्हा आतल्या खोलीतून तुझा आवाज आला. पहिल्यांदा मोकळा, पदराबाहेरचा आवाज ऐकला मी तुझा. तू विचारलंस, "काय म्हणले हो दादा?"

रामकिसन म्हणाला, "काय नाय."

मी बाहेर पडलो आणि मागं दार ओढून घेतलं.